तिरकी चेन

७ मार्च १९५५, सोमवार. नेवार्क

दिवसभरात जे बोलायला हवं होतं ते मला नेहमी घरी येऊन सूप पिताना सुचतं. आज फारच सुचायला लागलं, म्हणून ही वही उघडली.

सकाळी झुकरब्रोट मालकांनी सगळ्या मशिनी बंद करायला लावल्या आणि माझ्या कटाईच्या टेबलावर निळ्या रंगाचं काहीतरी टाकलं. उचललं तर हाताला वजनच लागेना. नायलॉनचं जॅकेट.

"गोल्फ खेळणाऱ्यांसाठी," मालक म्हणाले. "घरी धुता येतं, मास्तर. बायको बादलीत बुडवते आणि दोरीवर टाकते."

"आणि ही?" मी भिंतीला टांगलेल्या आमच्या काळ्या जॅकेटांकडे बोट दाखवलं.

"ही परत आली आहेत. मोठ्या दुकानाने गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. शाळांच्या दारावर पाट्या लागल्यात, काळं कातडी जॅकेट घालून आत यायचं नाही. आता काळं जॅकेट घातलं की पोरगा गुंड. कुठली आई आपल्या पोराला गुंड करायला आपल्याकडे येईल?"

 इर्माबाई दुदेक, माझ्या टेबलाशेजारी जड सुईच्या मशिनवर बसतात त्या, म्हणाल्या, "ज्याला मोटारसायकलवरून पडायचंय त्याने मग काय घालायचं? बादलीत बुडवलेलं?"

सगळे हसले. मालकही हसले, पण लगेच गंभीर झाले. झाडांची पानं गळेपर्यंत मला वेळ आहे. तोवर असं जॅकेट दाखवायचं की लोक आपण होऊन मागायला येतील. नाहीतर कातड्याच्या मशिनी विकून नायलॉनच्या आणणार.

मी म्हणालो, "बरं."

बरं! लष्कराच्या वैमानिकांची जॅकेटं याच टेबलावर बेतली मी. त्याआधी इथे गुडघ्यापर्यंतचे बटणांचे कोट व्हायचे आणि वारा प्रत्येक काजातून आत शिरायचा. पहिली चेन आली तेव्हा हेच मालक म्हणाले होते, कोटाला आगगाडीचे रूळ कोण लावतं? हे सगळं तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं 'बरं'.

१९ मार्च, शनिवार

सेंट जोसेफचा दिवस. माझ्या मुलीने, निन्फाने, सकाळीच तळलेले गोड गोळे केले, आईच्या हातच्यासारखे. माझी बायको रोझालिया जाऊन इतकी वर्षं झाली तरी पोरीला साखरेचा अंदाज कसा आला कोण जाणे, मी तर कधी शिकवला नाही. नोकरी विमा कंपनीत टंकलेखनाची, वर आठवड्यातून तीन संध्याकाळी लघुलेखनाचा वर्ग. मेहनती आहे. फक्त नखांकडे लक्ष नाही. आज मी म्हणालो, "नखात काळं काय ते?"

"टाइपरायटरची शाई, बाबा."

त्या कंपनीने चांगल्या फिती घ्यायला हव्यात. ही शाई साबणानेही जात नाही म्हणे, आणि तिला रॉकेलचा वास येतो.

दुपारी इर्माबाई घरी येऊन गेल्या. करंज्यांसारखं काहीतरी, बटाटा भरलेलं, डबाभर घेऊन. एकट्या राहतात आणि रांधतात पलटणीचं. या बाईला अंदाज म्हणून नाही. मला म्हणाल्या, "मास्तर, हॅस्किन्सच्या गॅरेजात एक गाडी चालवणारं पोर आहे. हाडापेराने बारीक. आपलं सगळ्यात लहान जॅकेट घातलं तरी आत वारा खेळतो. सप्टेंबरात पाइन बॅरन्सच्या जंगलात दोन दिवसांची शर्यत आहे, वाळूतली. त्याला एक जॅकेट शिवून द्याल?"

मी म्हणालो, "मापं आणा."

त्या गेल्यावर डोक्यात दिवा पेटला. मालकांना पाहिजे ते हेच! जॅकेट शाळेच्या दाराशी दाखवायचंच कशाला? जिथे त्याची गरज आहे तिथे दाखवायचं. शर्यतीत. चिखलात.

निन्फा स्वयंपाकघरातून ऐकत होती बहुतेक, कारण एक ताटली फुटली.

२ एप्रिल, शनिवार

सबंध सकाळ कातडं कमावणाऱ्यांकडे हिंडलो. गायीचं हवं तेवढं मिळतं. मला घोड्याचं पाहिजे. गायीचं कातडं बऱ्या स्वभावाच्या माणसासारखं, लगेच वाकतं आणि लगेच ढिलं पडतं. घोड्याचं आधी अंगाशी भांडतं. महिनाभर घालणाऱ्याला वाटतं की आपण फळकूट घातलंय. मग एक दिवस ते त्याच्या कोपराला ओळखायला लागतं, आणि पुढे वीस वर्षं दुसऱ्या कोणाला नीट बसत नाही.

नदीकाठचा म्हातारा फेन्स्टरमाकर म्हणाला, "घोडे उरलेत कुठे, मास्तर? शेतात सगळीकडे ट्रॅक्टर. आणि ट्रॅक्टर मेला तरी कातडं देत नाही."

तरी त्याने मागच्या खोलीतून दोन कातडी काढली. घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्याची, घट्ट, चकचकीत. एकावर तारेच्या कुंपणाचा जुना ओरखडा. मी तोही भाग घेणार आहे, अस्तराखाली कुठेतरी बसवीन. त्या घोड्याने कुंपण ओलांडलं असणार.

१४ एप्रिल, गुरुवार

मापं आली. इर्माबाईंच्या अक्षरात. मी तासभर पाहत बसलो.

विचित्र देह आहे. खांदे अरुंद, कंबर बारीक, आणि छाती चांगली भरलेली. हात लांब. मी इर्माबाईंना म्हणालो, "हा काय घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी आहे? का सर्कशीत झोपाळ्यावर काम करतो?"

इर्माबाईंना जोराचा ठसका लागला. पाणी आणून दिलं.

"छाती व्यायामाने झाली असेल," मी म्हणालो.

"असेल," त्या म्हणाल्या आणि मशिनखाली काहीतरी शोधायला वाकल्या, त्या बऱ्याच वेळाने वर आल्या.

पण गंमत म्हणजे अशा अंगासाठी तिरकी चेन फार सोयीची. लोकांना ती दिखावा वाटते. खरं कारण वेगळं आहे. माणूस गाडीवर पुढे झुकला की मधोमध लावलेली चेन गळ्यात आणि पोटात टोचते. तिरकी लावली की ती बाजूला सरकते, आणि छातीवर कातड्याचे दोन थर येतात. वाऱ्याला दार दिसतं, पण आत जाता येत नाही. आता या पोराच्या छातीचा फुगवटा मी त्या तिरक्या शिवणीतच मुरवला. वरून बघणाऱ्याला कळणारही नाही की इथे जादा कातड्याची कळी घातली आहे. स्वतःवर खूष झालो.

२९ एप्रिल, शुक्रवार

पहिला कच्चा नमुना गॅरेजला पाठवला होता, तो परत आला. निरोप: बगलेत आवळतं, उभं राहिलं की पाठ वर चढते.

उभं राहिलं की? मोटारसायकल बसून चालवतात! मी इर्माबाईंना सांगितलं की अशी हवेतली गिऱ्हाइकी मला जमत नाही. पुढच्या शनिवारी मी स्वतः जाणार, त्या पोराला गाडीवर बसवणार आणि अंगावर खडूने खुणा करणार.

"त्याला लाज वाटते," इर्माबाई म्हणाल्या.

"गाडीवरून पडायला लाज वाटत नाही, आणि म्हाताऱ्या शिंप्याची वाटते?"

घरी निन्फाला ही हकिकत हसत हसत सांगितली. तिला हसू आलं नाही. "शनिवारीच जाणार का, बाबा?" असं दोनदा विचारलं. बहुतेक त्या दिवशी मी घरी असावं असं काहीतरी तिने योजलं होतं.

७ मे, शनिवार

आज जेवणाआधीच वही उघडली.

हॅस्किन्सचं गॅरेज रेल्वेरुळांच्या पलीकडे. हॅस्किन्स म्हणजे उंच, लालसर, बोलताना पायाकडे पाहणारा माणूस. माझ्याशी हात मिळवला आणि आज हवा चांगली आहे असं तीनदा सांगितलं. मागच्या अंगणात गाडीवर तो पोरगा बसलेला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडाला रुमाल. बोलला नाही. मी म्हणालो, "झुक पुढे." झुकला. कच्चा नमुना अंगावर होता. मी पाठीवर खडू ओढला, बगलेत दोन टाचण्या लावल्या, म्हणालो, "आता उभा राहा, तुला राहायचं असतं तसा." तो गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर उभा राहिला आणि पाठ खरंच वर चढली. निरोप बरोबर होता. मी मान हलवली आणि बगलेत तिसरी टाचणी खोचली.

"आई गं! बाबा, टोचलं!"

मी खडूची रेघ पूर्ण केली. खरंच केली. हात आपोआप चालत राहिला, खांद्यापासून कमरेपर्यंत. मग हॅस्किन्सने तेलाचा रिकामा डबा पुढे सरकवला आणि मी त्यावर बसलो.

तिने रुमाल काढला. रडत नव्हती. रडली असती तर मला काय करायचं ते सुचलं असतं.

"लघुलेखन?" मी विचारलं.

"थोडं येतं," निन्फा म्हणाली. "पहिल्या महिन्यात गेले होते."

१० मे, मंगळवार

आमचं बोलणं बंद आहे. ती मीठ मागते, मी देतो.

इर्माबाईंशीही बोलत नाही. आज डबा टेबलावर ठेवून गेल्या. खाल्ला, पण बोललो नाही.

११ मे, बुधवार

आज दुकानातून येताना दुरुस्तीच्या फळीवरची जॅकेटं बखोटीला मारून आणली. जेवण झाल्यावर टेबल पुसलं आणि एक एक पसरलं.

"बस," मी म्हणालो.

निन्फा बसली.

लोकांना वाटतं मी जॅकेटं शिवतो. मी पडण्याचे कपडे शिवतो. पडून आलेलं जॅकेट मला सगळं सांगतं, आणि आज मी ते तिला सांगितलं. "हे बघ. हा डावीकडे पडला. आधी कोपर टेकलं, मग खांदा, मग घसरत गेला. इथपर्यंत रस्त्याने कातडं खाल्लं. महिनाभर हात गळ्यात होता. हा दुसरा पाठीवर पडला, पट्ट्याचं बक्कल मणक्यात रुतलं. आता काठी घेऊन चालतो."

तिसरं मी जरा वेळाने उघडलं. त्याची एक बाही सुटलेली आहे. ज्याचं जॅकेट, त्याचा भाऊ घेऊन आला होता ते. बाही पुन्हा बसवून द्या म्हणाला. मी म्हटलं, माप पुन्हा घ्यावं लागेल, त्याला पाठवून द्या. तर म्हणाला, घालायचं नाहीये, खोलीत टांगून ठेवायचंय.

निन्फाने त्या बाहीवर हात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. मला वाटलं, झालं. आता पोरगी शहाणी होणार.

मग तिने पहिलं जॅकेट ओढून घेतलं, कोपराच्या भोकातून बोट घातलं आणि म्हणाली, "इथे दुहेरी कातडं का नाही लावलंत?"

"वजन वाढतं. हात उचलत नाही."

"माझा उचलेल. आणि बक्कल इतकं मागे कशाला येतं? कंबरेच्या बाजूला घ्या. पट्टाही खाली घ्या, आम्ही वाळूत उभ्याने चालवतो. बसलं की चाक रुततं." ती उठली, खुर्ची उलट फिरवली, तिच्या खालच्या दांड्यांवर पाय देऊन उभी राहिली, खुर्चीच्या पाठीची टोकं हँडलसारखी धरून. "बघा. इथे पाठ ताणते. इथे बगल."

मी ओरडलो, "तुला मी हे का दाखवतोय ते कळतंय का?"

"कळतंय, बाबा." ती खुर्चीवर तशीच उभी. "तुम्हाला माहितीय लोक कसे पडतात. तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. मग दुसऱ्या कोणाकडे जाऊ?"

मी म्हणालो, "तुझी आई असती तर..."

"आईने आधी विचारलं असतं, मागच्या शर्यतीत नंबर कितवा आला."

खरं आहे. रोझालियाने तेच विचारलं असतं.

"कितवा आला?" मी विचारलं.

"चौथा. जॅकेट ढगळ होतं, हवा भरून फुगायचं."

आता मला अपमान वाटला. माझं जॅकेट आणि ढगळ! मी उठलो आणि खडू शोधला.

१८ जून, शनिवार

पाठीत दोन्ही खांद्यांमागे पंख्यासारख्या कळ्या घातल्या. हात पुढे नेला की उघडतात, मागे आणला की मिटतात. वैमानिकांच्या जॅकेटात करायचो तशाच, फक्त खोल. पाठ खाली लांब, पुढा आखूड. बगलेत बारीक छिद्रं, घाम जायला. कोपरांवर आणि खांद्यावर दुहेरी.

दुहेरी कातड्यातून इर्माबाईंच्या मशिनची सुई तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. मग त्यांनी मशिन बाजूला सारलं आणि मोच्याच्या आरीने भोकं पाडून हाताने टाके घातले, मेण लावलेल्या दोऱ्याने. बोटाला चिरा पडल्या. मी म्हणालो, "इर्माबाई, पोरगी माझी, बोटं तुमची कशाला?"

"तुमची बोटं कापायला लागतात," त्या म्हणाल्या. "माझी काय, शिवतातच."

बोलायला लागलो आहोत पुन्हा. निन्फाने मला एकटं गाठून सांगितलं की बाबा, त्यांनीच मला पहिल्यांदा धीर दिला, तुम्हाला सांगायचा मार्गही त्यांनीच शोधला. मला अजून कळलं नाही की परक्या बाईने आमच्या घरासाठी एवढा आटापिटा का करावा. स्वभाव.

९ ऑगस्ट, मंगळवार

मालकांनी काळं जॅकेट टेबलावर पाहिलं. उचललं, वजन केलं, उजेडाकडे धरलं, शिवण नखाने उचकटून पाहिली. शिवण हलली नाही.

"सुंदर आहे," ते म्हणाले. मग छातीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. "मास्तर, हे बाईचं आहे."

"माझ्या मुलीचं."

मालक स्टुलावर बसले. "मी तुला असं जॅकेट मागितलं की लोक मागायला येतील. तू एकाच पोरीच्या मापाचं शिवलंस! मोटारसायकल चालवणाऱ्या बायका या राज्यात किती असतील? माझ्या दोन हातांच्या बोटांवर मावतील."

आज मात्र घरी येऊन सूप पिईपर्यंत थांबलो नाही. तिथेच म्हणालो, "मालक, बटणं होती तेव्हा तुम्ही चेनला हसलात. सरळ चेन होती तेव्हा तिरकीला हसलात. दोन्ही वेळा मग दुकान वाढवलंत. पुन्हा एकदा हसून घ्या, आणि सप्टेंबरात माझ्याबरोबर पाइन बॅरन्सला चला."

 इर्माबाईंनी मशिन थांबवलं.

मालकांनी टोपी हातात फिरवली. "डास असतील का तिथे?"

"असतील."

"असू देत. येतो."

२४ सप्टेंबर, शनिवार. पाइन बॅरन्स

मालकांच्या मोटारीतून आलो. मी, मालक, इर्माबाई. झाडांपलीकडे झाडं आणि त्यांच्यामधून पांढऱ्या वाळूचे रस्ते. शर्यत वेगाची कमी, टिकण्याची जास्त. ठरल्या वेळेला प्रत्येक नाक्यावर पोचायचं. उशीर झाला की गुण गेले. दोन दिवस, ओढे, दलदल, वाळू.

नाव नोंदवणाऱ्या गृहस्थाने निन्फाला पाहून विचारलं, "गाडी कोणाची, बाई? त्याला पाठवा." ती म्हणाली, "आलीय तो. मीच." शेजारचे दोघं हसले, तो गृहस्थ हसला नाही, पण शिक्का मारला.

संध्याकाळपर्यंत ती हलक्या गाड्यांच्या गटात तिसरी. जॅकेट चिखलाने भरलेलं. पाठ जागच्या जागी होती, वर चढली नव्हती. मी ते आधी पाहिलं आणि मग तिचा चेहरा. अगदी दमलेली, आणि इतकी आनंदात, की असा चेहरा मी तिच्या लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियननंतर पाहिला नव्हता.

हॅस्किन्स गाडीची साखळी साफ करत म्हणाला, "मास्तर, तिला शिकवायला काही उरलं नाही माझ्याकडे. मागच्या वर्षीच संपलं." आणि पायाकडे पाहत राहिला.

२५ सप्टेंबर, रविवार

दुपारी आम्ही शेवटच्या आधीच्या नाक्यावर उभे होतो. एक गाडीवाला येऊन शिक्का घेताना म्हणाला, "लाकूड गिरणीपाशी ती पोरगी पडली. खडीवर. चांगलीच घसरली."

खडीवर. मी डोळे मिटले तर तीन जॅकेटं टेबलावर पसरलेली दिसायला लागली. आधी कोपर, मग खांदा. इर्माबाईंनी माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही. भित्र्या आहेत फार. मालक काहीतरी हिब्रूमध्ये पुटपुटत होते.

मग झाडांमधून आवाज आला. गाडी दिसली. एक हँडल वाकलेलं, आणि गाडीवर उभी असलेली निन्फा.

मी धावलो. ती थांबली तशी मी तिची डावी बाही पकडली. कोपर पांढरं पडलं होतं, वरचं कातडं खरडून खडबडीत झालेलं. बोट फिरवलं. आतला थर शाबूत. इर्माबाईंचे टाके सगळे जागेवर. खांदा पाहिला. घासला होता, फाटला नव्हता. पट्टा पाहिला, बक्कल बाजूला होतं. पाठ फिरवून पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आत मी पण आहे."

"हात वर कर!"

तिने दोन्ही हात वर केले. अगदी वर, पाठीच्या कळ्या पूर्ण उघडल्या. नाक्यावरचा माणूस शिक्का घेऊन उभा होता, तो ओरडला, "बाई, तुमचा वेळ चाललाय!"

"जा," मी म्हणालो. "जा, निन्फा, पळ!"

मी! मी तिला पळ म्हणालो.

त्यानंतर निकाल लागेपर्यंतचं मला काही आठवत नाही, तिच्या पुढचे दोघं दलदलीत रुतून मागे पडले हेही नंतर कळलं. आठवतो तो कर्णा. एकेका गटाचं नाव घेत होते. हलक्या गाड्या. पहिला क्रमांक. "एन. टुमिनेलो! मिस्टर टुमिनेलो, पुढे या!"

टुमिनेलो म्हटल्यावर मी उभा राहिलो. चाळीस वर्षं हजेरीला उभा राहतोय, पायांना सवय. काल शिक्का मारणारा तोच गृहस्थ चषक घेऊन माझ्याकडे चालत आला आणि माझा हात हलवायला लागला.

"अहो, मी नाही!" मी ओरडलो. "ती! माझी मुलगी! मी फक्त शिंपी!"

मग जो हशा आणि टाळ्या झाल्या! कोणीतरी निन्फाला खांद्यावर घेतलं, चिखलाच्या जॅकेटसकट. ती वरून मला शोधत होती, आणि मी खाली उभा राहून टोपीने डोळे पुसत होतो.

खाली उतरली तशी बायकांनी तिला घेरलं. मालक म्हणाले होते दोन हातांची बोटं. एवढ्या बायका कुठून आल्या होत्या कोण जाणे, नवऱ्यांच्या मागे बसून आलेल्या, स्वतः चालवत आलेल्या, एक तर पेनसिल्व्हेनियाहून तान्ह्या पोराला गाडीला जोडलेल्या बाजूच्या डब्यात घालून आलेली. सगळ्यांच्या अंगावर भावांची नाहीतर नवऱ्यांची जॅकेटं, बाह्या दुमडलेल्या. त्या निन्फाच्या पाठीला, कोपराला हात लावून पाहत होत्या. "हे कुठे मिळालं? आमच्या मापाचं मिळेल?" आणि त्यांच्यामागून पिंपाएवढा एक गाडीवाला, दाढीत वाळू, मला म्हणाला, "मास्तर, ते कोपर माझ्या जॅकेटला लावाल? मला त्या छातीची गरज नाही, पण कोपर पाहिजे."

मालक गर्दीत शिरले. टोपी काढली. मापाचा टेप, जो त्यांनी कित्येक वर्षांत हातात घेतला नव्हता, तो माझ्या खिशातून ओढून काढला. "या, या, बाईसाहेब. आमच्याकडेच. झुकरब्रोट, नेवार्क. मास्तर स्वतः बेततात."

पेनसिल्व्हेनियाची बाई म्हणाली, "नायलॉनचं हलकं काही आहे का तुमच्याकडे?"

"नायलॉन?" मालकांनी तोंड वाकडं केलं. "नायलॉन कोण शिवतं, बाई?"

२६ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी निन्फा म्हणाली, "बाबा, ट्रामने नका जाऊ. मी सोडते."

एवढ्या वर्षांत मी कधी मोटारसायकलवर बसलो नव्हतो. शेकडो माणसांना त्यासाठी कपडे घातले, स्वतः कधी पाय टाकला नाही. भिंतीवरचं एक परत आलेलं काळं जॅकेट मी घालायला आणलं होतं. घोड्याचं, अजून फळकूट. मागे बसलो, तिच्या कमरेला धरलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "आणि वळणावर माझ्याबरोबर झुका. भांडू नका गाडीशी."

निघालो. सुरुवातीला मी डोळे उघडले नाहीत. मग उघडले. सगळं नेवार्क बाजूने वाहत होतं, दुकानं, दुधाच्या गाड्या, चर्चच्या पायऱ्या. वळण आलं, तिच्याबरोबर झुकलो आणि छातीवरची चेन बाजूला सरकली. कुठेही टोचलं नाही. हे मी हजार लोकांना सांगत आलो होतो. आज मला कळलं की मी खोटं बोलत नव्हतो.

मी जोरात हसायला लागलो. निन्फा पण हसत होती, तिच्या पाठीतून कळत होतं.

दुकानापाशी पोचलो तर सगळी खिडक्यांत. मालक फुटपाथवर उभे, हातात कालच्या सगळ्यांची मापं. इर्माबाई पायरीवर, नवा निळा झगा घालून. कामाच्या दिवशी कशाला घातला असेल कळलं नाही, पण शोभत होता, आणि मी तसं म्हणालो. त्या लाल झाल्या.

मी खाली उतरलो. मालकांनी विचारलं, "काय मास्तर? कसं वाटलं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जॅकेटची कॉलर हाताने चाचपली.

"इथून वारा आत येतो," मी म्हणालो. "मानेपाशी. चला वर, मशिनी लावा. आज कॉलरपासून सुरुवात करू."